बिघडलं काय, हे आधी कळू द्या

आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की घरात विमान उतरतंय असा आवाज यायचा. पहिले काही आठवडे आम्ही दार लावून घेतलं. मग दार लावूनही बोलणं ऐकू येईना, तेव्हा कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने मशीन भिंतीपासून ओढलंसुद्धा नाही. दार उघडलं, ड्रमची कड धरून वर-खाली हलवून पाहिली, फोनमध्ये काहीतरी भरलं आणि म्हणाला, "टब असेंब्ली बदलावी लागेल." म्हणजे ड्रम आणि त्याभोवतीचा टब असा अख्खा संच. आकडा नव्या मशीनच्या निम्म्याच्या बराच पुढे गेला होता. आणि त्याच दमात, "त्यापेक्षा नवीनच घ्या ना. जुनं मीच उचलून नेतो."

सगळं मिळून दहा मिनिटं. त्या माणसाविषयी माझी तक्रार नाही. ड्रम हलवून पाहणं हीच बेअरिंगची, म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो त्या कड्याची, खरी परीक्षा असते, ती त्याने केली आणि बरोबर केली. तक्रार आहे ती त्या दहा मिनिटांत काय बिघडलंय हे सांगणारा, दुरुस्तीचा भाव ठरवणारा आणि नवीन विकणारा असे तिघेही एकच होते याबद्दल. डॉक्टर, औषधवाला आणि तिरडीवाला एकच असेल तर नाडी जरा दुसऱ्याकडून तपासून घ्यावीशी वाटतेच.

अशा वेळी बहुतेकांच्या डोक्यात एक नियम असतो: दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल आणि वस्तूने निम्मं आयुष्य ओलांडलं असेल, तर बदला. नियम सुटसुटीत आहे आणि त्यात व्यवहारज्ञानाचा भास आहे. पण त्या अपूर्णांकाकडे नीट बघा. वर सुट्या भागाची किंमत, खाली नव्या वस्तूची किंमत. हे दोन्ही आकडे बहुधा एकाच टेबलावर ठरतात. सुटा भाग महाग करा, नवीन वस्तूवर सवलत द्या, की गिऱ्हाइकाचं गणित आपोआप हव्या त्या बाजूला झुकतं, आणि तरी निर्णय आपण हिशेब करून घेतला असं त्याला वाटत राहतं.

वयाचंही तेच. "किती वर्षं झाली?" हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की तो बिनकामाचा आहे हे लक्षातच येत नाही. यंत्राला वय नसतं, यंत्राच्या भागांना असतं, आणि तेही प्रत्येकाचं वेगळं. दाराचं रबर एका गतीने म्हातारं होतं, मोटार दुसऱ्या, सर्किट बोर्ड तिसऱ्या. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दुरुस्त करावं की बदलावं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, बिघडलं काय? आणि आज घरोघरी नेमकं हेच कळत नाही. न कळण्याची व्यवस्था झालेली आहे, म्हणून हा घरगुती प्रश्न सार्वजनिक होतो.

फ्रिज घ्या. "थंड होत नाही" ही एकच तक्रार, पण तिच्या मागे काय काय असू शकतं? मागच्या जाळीवर धुळीचं पांघरूण चढलं असेल, तर एक ब्रश पुरतो. दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेचं रबर, सैल झालं असेल. कागदाची पट्टी दारात धरून ओढली की ती सहज निसटते, त्यावरून कळतं. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले गेला असेल. तेव्हा दर काही मिनिटांनी एक 'टक्' ऐकू येतो, थोडी घरघर होते, आणि परत शांत. कॉम्प्रेसर बिचारा धडधाकट असतो, त्याला फक्त उठवणारं कोणी नसतं. बर्फ वितळवणारा हीटर जळाला असेल, तर आतल्या कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते आणि गार हवा पुढे जाऊच शकत नाही. खालच्या कप्प्यात पाणी साठतंय? मागचं निचऱ्याचं बारीक भोक तुंबलं असेल.

आणि याच तक्रारीच्या मागे सगळ्यात वाईट शक्यताही असते. गॅसची नळी फोमच्या भिंतीच्या आत कुठेतरी गंजून गळतेय. तिथे पोचायला फ्रिज फाडावा लागतो. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारे भेटतात. तो गॅस ज्या वाटेने पहिला गेला त्याच वाटेने जातो, आणि काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच. अशा फ्रिजला मी एका मिनिटात निरोप देईन, तो चार वर्षांचा असला तरी. उलट रिले गेलेला पंधरा वर्षांचा फ्रिज केवळ बिघडला म्हणून टाकणार नाही. दोघांची तक्रार एकच होती, वय मात्र निर्णयाच्या बरोबर उलट्या बाजूला होतं.

लहान वस्तूंची गोष्ट तर हास्यास्पद आहे. मिक्सर 'मेला' म्हणून माळ्यावर गेलेला मी पाहिलाय. तळाशी एक लाल बटण असतं, भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. थोडा वेळ थांबून ते आत दाबायचं, बस. छताचा पंखा अगदी संथ झाला की बहुतेक वेळा 2.5 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा भाग, मेलेला असतो. वॉशिंग मशीन पाणी सोडत नसेल तर पंपाच्या जाळीत नाणं, बटण किंवा लहान मुलाचा मोजा निघण्याची शक्यता पंप जळाल्याच्या शक्यतेपेक्षा मोठी. हे सगळं माहीत असणं म्हणजे काही विद्वत्ता नाही. माहितीपुस्तिकेत दोन ओळींत मावेल इतकंच ते आहे. पुस्तिकेत मात्र वीस पानं इशाऱ्यांची असतात आणि शेवटी 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा'.

आमच्या मशीनकडे परत येतो. दुसऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मशीन पुढे ओढलं, मागचं झाकण काढलं आणि मला बॅटरीच्या उजेडात टबच्या मधोमध खाली उतरलेला तांबूस ओघळ दाखवला. "आधी सील गेलं. सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये. ग्रीस धुऊन निघालं, मग गंज." तीन वाक्यांत सगळं निदान, आणि कारणासकट. बाहेर काढलेलं बेअरिंग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरत होतं. कडेला आकडा कोरलेला: 6206.

या आकड्यावर जरा थांबू या, कारण सगळा वाद त्यात आहे. 6206 म्हणजे आतला व्यास 30 मिलिमीटर, बाहेरचा 62, जाडी 16. जगात कुठल्याही देशात, कुठल्याही कारखान्याचं घ्या, माप हेच. तेच बेअरिंग पंपात असतं, मोटारीत असतं, शेतीच्या अवजारात असतं. वजन साधारण 200 ग्रॅम. म्हणजे आमच्या साठ-सत्तर किलोच्या यंत्रात 200 ग्रॅमची, जगभर मिळणारी, यंत्राच्या मानाने कवडीमोलाची वस्तू गेली होती. मग टब असेंब्ली कशाला? कारण प्लॅस्टिकच्या टबचे दोन अर्धे भाग स्क्रूने जोडलेले नव्हते, वितळवून एकजीव केलेले होते. बेअरिंगपर्यंत जायला रस्ताच ठेवलेला नव्हता.

त्यांनी करवत काढली. टबच्या शिवणीवरून, एका वेळी बोटभर, हळूहळू तो कापला. ड्रम मोकळा झाल्यावर मागचा तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार, ज्याला ते 'स्पायडर' म्हणत, तो खडबडीत झालाय का हे नखाने खरवडून पाहिलं. "हा झिजला असता तर मीच नको म्हटलं असतं." तो शाबूत होता. नवीन बेअरिंगं, नवीन सील, मग कापलेल्या कडेवर सीलंट आणि शिवणीवरून ओळीने बसवलेले स्क्रू. गंमत म्हणजे काही टबांना शिवणीलगत स्क्रूसाठी जागा साच्यातच ओतलेली असते, आमच्या टबलाही होती. म्हणजे आराखडा करणाऱ्याला माहीत होतं. नंतर कोणीतरी ठरवलं, नको.

युरोपीय संघाने 2021 च्या मार्चपासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग 10 वर्षं उपलब्ध ठेवण्याची सक्ती केली, फ्रिजच्या अनेक भागांना 7 वर्षं. भाग 15 कामाच्या दिवसांत पोचवायचा आणि तो नेहमीच्या अवजारांनी, यंत्राची कायमची मोडतोड न करता बदलता यायला हवा, असंही त्यात आहे. चांगला कायदा. पण त्याच यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग यांच्यापुढे कंसात लिहिलंय: सुटे किंवा एकत्र. या तीन शब्दांतून अख्खी टब असेंब्ली आरामात निघून जाते. 'भाग उपलब्ध आहे' हे वाक्य खरं राहतं, आणि दुरुस्ती परवडत नाही हेही खरं राहतं.

यावर 'कंपन्यांचा कट' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण विजेच्या दिव्यांच्या फीबस कार्टेलची गोष्ट सांगतोच. 1924 साली जिनिव्हात बड्या उत्पादकांनी करार केला, दिव्याचं आयुष्य 1000 तासांवर आणलं, आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड ठेवला. गोष्ट खरी आहे आणि लाजिरवाणी आहे. पण तंतू जास्त तापवला की तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो आणि तो लवकर जळतो, हेही खरं. तिथेसुद्धा फक्त लबाडी नव्हती, एक खरीखुरी देवाणघेवाण होती आणि ती गिऱ्हाइकाला न विचारता झाली.

आजच्या यंत्रांत कटापेक्षा बेफिकिरी जास्त दिसते. सर्किट बोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर घ्या. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. तोच कपॅसिटर 20 अंश जास्त गरम कोपऱ्यात बसवला तर चौथाई आयुष्य उरतं. 85 अंशांसाठीचा घ्यायचा की 105 अंशांसाठीचा, हा फरक एका नगाला नगण्य असतो, पण लाखो नगांच्या हिशेबात दिसतो. कोणी दुष्टपणे हसत ते ठरवत नाही. खर्चाच्या तक्त्यात एक ओळ कमी होते, आणि सहा-सात वर्षांनी कुणाच्या तरी घरी 'बोर्ड गेला' ऐकू येतं. त्या तक्त्यात त्या घरासाठी रकाना नसतो, दुखणं तिथे आहे.

आता सगळ्यात सभ्य युक्तिवाद: नवीन यंत्र वीज वाचवतं. हे कुठे खरं आणि कुठे थाप, ते वेगळं करता येतं. इस्त्री, किटली, टोस्टर यांचं काम उष्णता करणं. विजेची उष्णता जुनी तारही करते, नवीही तेवढीच करते. तिथे 'बचत' म्हणून बदलण्यात काही अर्थ नाही. मिक्सर दिवसात पाच मिनिटं चालतो, त्याच्या बचतीतून काय उरणार? पण जे दिवसरात्र चालतं तिथे गणित उलटतं. छताचा साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारीचा तीसेक. रोज 12 तास धरले तर फरक दिवसाला अर्धा युनिट, वर्षभर चालला तर दोनशेच्या जवळपास. फ्रिज चोवीस तास जोडलेला असतो, त्यामुळे जुना आणि नवा यांतला फरक तिथे खरोखर मोठा असू शकतो. अंदाज करत बसू नये. प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो, तो दोन-तीन दिवस लावावा, रोजचे युनिट काढावेत आणि नव्या फ्रिजच्या लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत.

पण यात एक मेख आहे. पंखा किंवा फ्रिज जास्त वीज खात असेल, तर तो कालही खात होता, नीट चालू असतानाही. मग हा युक्तिवाद नेमका बिघाडाच्या दिवशीच का आठवतो? बचत हे बदलण्याचं कारण असेल तर ते बिघाडाची वाट पाहत नाही, आणि नसेल तर बिघाडाने ते कारण बनत नाही. (आणि नवीन फ्रिज आणून जुना आतल्या खोलीत चालू ठेवणाऱ्यांनी विजेविषयी बोलूच नये.)

"आज हे गेलं, उद्या दुसरं जाईल" ही भीतीही तपासून घ्यायला हवी. पाणी उपसणारा पंप गेला म्हणून मोटार जाणार, असं काही नातं त्या दोघांत नसतं. नातं कधी असतं? विजेचा दाब चढून बोर्ड उडाला असेल तर इतरांनाही झटका बसलेला असू शकतो. सीलमधून झिरपणारं पाणी स्पायडरलाही खातं. म्हणजे परत तेच, कारण कळलं तर भीतीला आकार येतो. उलट बाजूने, "आत्तापर्यंत एवढे घातलेत, आता सोडवत नाही" हेही चुकीचं. गेले ते गेले, पुढच्या दुरुस्तीचा हिशेब पुढच्या वर्षांशी. आणि नवीन म्हणजे निर्धोक, हाही समज. बिघाडांचा आलेख सुरुवातीला उंच असतो, मग खाली सपाट होतो आणि झीज सुरू झाली की पुन्हा चढतो. पाच वर्षं बिनतक्रार चाललेलं यंत्र त्या सपाट पट्ट्यात असतं, खोक्यातून नुकतं निघालेलं नसतं.

मग करायचं काय? सरकारं याकडे वळली आहेत. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे 10 पैकी गुण छापायला लावले, आणि त्यात सुट्या भागांची किंमत वस्तूच्या किमतीच्या मानाने किती, हाही निकष धरला. मला यातली ही एकच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण तो वरचा अपूर्णांक खरेदीच्या दिवशीच उघडा पडतो. स्वीडनने 2017 मध्ये घरी येऊन केलेल्या दुरुस्तीच्या मजुरीवर करात सवलत दिली. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाने हमीच्या काळात दुरुस्ती निवडणाऱ्याला 12 महिन्यांची वाढीव हमी दिली. सदस्य देशांना तो लागू करायची मुदत 31 जुलै 2026. भारतात 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल आलं. त्यावर माहिती मिळते, पण माहिती देण्याची सक्ती ही वेगळी गोष्ट.

या सगळ्यांत निदानाकडे पाहणारी योजना मला एकच आढळली. ऑस्ट्रियाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या निम्म्या खर्चाची कुपनं द्यायला सुरुवात केली, आणि त्यात नुसत्या खर्चाच्या अंदाजासाठीही मदत ठेवली. म्हणजे यंत्र उघडून, बघून, 'याचं हे बिघडलंय' एवढं सांगण्यालाही मोल आहे, हे मान्य केलं. आपल्याला हे पचत नाही. तपासणी फुकट हवी असते. फुकट तपासणाऱ्याला आपलं पोट भाग विकून किंवा नवीन यंत्र विकून भरावं लागतं, आणि मग तो जे निदान करतो त्याला आपण नावं ठेवतो. तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, आणि त्या बदल्यात लेखी घ्यावं: कोणता भाग, कशामुळे, कशावरून ठरवलं. त्या कागदावर दुसरं मत घेता येतं. 'टब असेंब्ली' हे निदान नव्हे, ते मागणीपत्रक आहे.

कायद्याने करायचं कामही याच्याशीच जोडलेलं आहे. आजची यंत्रं आपला बिघाड स्वतः ओळखतात, पडद्यावर कोड दाखवतात. त्या कोडांचे अर्थ आणि तपासणीचा छुपा मोड ही माहिती यंत्राच्या मालकाला मिळायलाच हवी. माझ्या यंत्राने स्वतःविषयीची तक्रार माझ्यापासून लपवून ठेवावी, हे कुठल्या व्यापारी गुपितात बसतं? सर्किटचा नकाशा खुला करा, मुख्य भागांच्या किमती विक्रीच्या दिवशी जाहीर करा आणि कंसातलं ते 'सुटे किंवा एकत्र' काढून फक्त 'सुटे' ठेवा.

सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. मायक्रोवेव्हमधला उच्च दाबाचा कपॅसिटर 2000 व्होल्टच्या आसपास चालतो आणि प्लग काढल्यावरही भार धरून राहू शकतो. तो घरी उघडू नये, हे मी शपथेवर सांगेन. नव्या फ्रिजमधला आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. तिथे ज्वाला घेऊन नवख्याने बसू नये. पण यातून निघतं ते प्रशिक्षित हातांची गरज आहे एवढंच; ते हात एकाच कंपनीच्या पगारावर असावेत हे निघत नाही. शिवाय माहिती दडवल्याने लोक उघडायचे थांबत नाहीत, आंधळेपणाने उघडतात.

दुसरा आक्षेप किमतीचा. वितळवून जोडलेला टब स्वस्त पडतो, म्हणून मशीन अधिक घरांत पोचतं. हे मला खोडता येत नाही. स्क्रू लावलेलं मशीन थोडं महाग पडेल. फक्त तेवढी किंमत आजही कुणीतरी मोजतंच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. वॉशिंग मशीनमध्ये थरथर रोखायला काँक्रीटचा ठोकळा असतो, वीस-वीस किलोचा. 200 ग्रॅमच्या बेअरिंगपायी तो ठोकळा, स्टीलचा ड्रम आणि तांब्याची मोटार असा सगळा संसार बाहेर जातो आणि तसाच दुसरा आत येतो.

करवतीने कापलेलं आमचं मशीन सध्या चालू आहे. किती वर्षं चालेल हे त्या मेकॅनिकनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कोणत्या मॉडेलवर कोणता कोड म्हणजे काय, हे त्यात पेनाने, जागोजागी खाडाखोड करत लिहिलेलं होतं. कुठून मिळालं विचारलं तर म्हणाले, "कुठून मिळणार? एकेक मशीन उघडून." आमच्या मशीनसाठी त्यांनी नवं पान घेतलं आणि वर मॉडेल नंबर लिहिला.